‘नुसता फोटो काढायचाय’ : साडेपाच वर्षांच्या मुलीच्या लंग स्कॅनची पूर्ण केस

मी न्यूक्लिअर मेडिसिन विभागात (जिथे अंगात थोडं किरणोत्सारी औषध सोडून फोटो काढतात) टेक्नॉलॉजिस्ट आहे. म्हणजे डॉक्टर नाही. इंजेक्शन तयार करणारा, पेशंटला टेबलावर झोपवणारा आणि ‘अजून किती वेळ?’ ह्या प्रश्नाला दिवसभर उत्तर देणारा माणूस. ही केस लिहून काढतोय कारण एकाच मुलीचा एकच स्कॅन आमच्याकडे पहिल्यांदा पार फसला आणि आठ दिवसांनी अगदी सुरळीत झाला, मशीन तेच, मुलगी तीच, मीही तोच. मधल्या आठ दिवसांत मोठी माणसं तिच्याशी काय बोलली तेवढंच बदललं होतं, आणि त्या मोठ्या माणसांत आम्ही विभागातलेही आलो.

मुलीचं नाव सांगत नाही, छकुली म्हणू. वय साडेपाच, वजन १७ किलो. जन्मतःच हृदयात दोष, टेट्रालॉजी ऑफ फॅलो, ज्यात हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक असतं आणि फुफ्फुसाकडे रक्त जायची वाट अरुंद असते (अजून दोन गोष्टी असतात, एकूण चार, म्हणून टेट्रा). दहा महिन्यांची असताना ऑपरेशन झालं, भोक बंद केलं, वाट मोकळी केली, पोर छान वाढली. पण गेल्या काही महिन्यांपासून पळापळीत इतर मुलांच्या आधी ही खाली बसायला लागली. नेहमीच्या तपासणीत इको (हृदयाची सोनोग्राफी) केला तर डाव्या फुफ्फुसाकडे जाणारी रक्तवाहिनी सुरुवातीलाच चिंचोळी दिसली.

आता इथे लोकांचा गोंधळ होतो, की इकोमध्ये दिसलं ना, मग अजून स्कॅन कशाला. तर इको सांगतो की वाट अरुंद आहे. त्या वाटेने रक्त नक्की किती जातंय, दोन्ही फुफ्फुसांत वाटणी कशी होतेय, हे तो असं आकड्यात सांगत नाही. साधा सीटी सुद्धा आकारच दाखवतो. एमआरआयमध्ये वाटणी मोजता येते, पण त्याला वेळ लागतो, आवाज प्रचंड, आणि एवढ्या लहान मुलांना बऱ्याचदा भूल द्यावी लागते. म्हणून हृदयवाल्या डॉक्टरांनी लंग परफ्युजन स्कॅन, म्हणजे फुफ्फुसात रक्त कुठे किती पोचतं ते दाखवणारा स्कॅन, लिहून दिला. प्रश्न एकच होता, डाव्या बाजूला किती टक्के रक्त जातंय? निरोगी माणसात उजवीकडे साधारण ५५ आणि डावीकडे ४५ टक्के जातं, डावीकडे हृदयाला जागा द्यावी लागते म्हणून ते फुफ्फुस जरा लहान. एका बाजूचा वाटा साधारण ३५ टक्क्यांच्या खाली गेला की ती वाहिनी रुंद करायची का ह्याचा विचार गंभीरपणे सुरू होतो.

स्कॅन चालतो कसा ते आत्ताच सांगतो, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. अल्ब्युमिन नावाचं रक्तातलं प्रोटीन असतं, त्याचे बारीक बारीक गोळे करतात, बहुतेक १० ते ९० मायक्रॉनचे (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि त्यांना टेक्नेशियम चिकटवतात. टेक्नेशियम म्हणजे किरणोत्सारी द्रव्य, दर ६ तासांनी आपोआप निम्मं होणारं. हातातल्या शिरेतून हे सोडलं की रक्ताबरोबर हृदयात जातं, तिथून फुफ्फुसात, आणि फुफ्फुसातल्या सगळ्यात बारीक नळ्यांत हे गोळे अडकतात. जिथे रक्त जास्त तिथे गोळे जास्त. बाहेरून गॅमा कॅमेरा त्यांची किरणं मोजतो. बस्स.

‘अडकतात’ म्हटलं की आईबापांचा चेहरा उतरतो, आणि तो उतरायलाच हवा, मीही बाप आहे. म्हणून आकडे सांगतो. फुफ्फुसात केशवाहिन्यांच्या अलीकडच्या ज्या बारीक धमन्या असतात त्या साधारण ३० कोटी. मोठ्या माणसाला आपण गोळे देतो काही लाख, मुलांना वयाप्रमाणे त्याहून कमी. म्हणजे हजारातली एखादी नळी काही तासांपुरती बंद, मग गोळा विरघळून निघून जातो. ज्या मुलांच्या हृदयात अजून भोक आहे आणि अशुद्ध रक्त फुफ्फुसाला वळसा घालून थेट शरीरात जातंय, किंवा फुफ्फुसाच्या रक्तदाबाचा त्रास आहे, त्यांना गोळे आणखी कमी करून देतात, म्हणून ही माहिती आधीच द्या, फाईल घरी विसरू नका.

लंग स्कॅनचा अजून एक अर्धा भाग असतो, श्वासाचा. मास्क किंवा तोंडात धरायची नळी लावून मुलाला किरणोत्सारी वायू किंवा बारीक फवारा श्वासातून घ्यायला सांगतात आणि हवा कुठे पोचते ते बघतात. काही ठिकाणी क्रिप्टॉन वायू वापरतात, तो १३ सेकंदांत निम्मा होतो. रक्ताची गुठळी शोधायची असेल तर दोन्ही भाग लागतात, कारण गुठळीत हवा पोचते पण रक्त पोचत नाही, ती तफावतच पकडायची असते. छकुलीला हवेचा भाग लागणार नव्हता, प्रश्न फक्त रक्ताचा होता. हे तिच्या घरी कुणी सांगितलं नव्हतं. ह्याची मजा पुढे.

पहिला दिवस.

सकाळी साडेनऊची वेळ दिलेली. दार उघडलं तेव्हा छकुली बाबांच्या खांद्यावर, ओठ कोरडे, डोळे लाल. विचारलं काय झालं, तर रात्री आठपासून पोटात काही नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. ‘सर, फोनवर सांगितलं होतं उपाशी आणा.’ मी चाट पडलो. लंग स्कॅनला उपाशी राहायची गरजच नसते, मुलाला झोपेचं औषध किंवा भूल द्यायची असेल तरच. आमच्याच टेबलावरून भलत्याच तपासणीच्या सूचना वाचून दाखवल्या गेल्या होत्या. चूक आमची. आणि पाणी नाही म्हणजे शिरा बसलेल्या, हा दुहेरी फटका.

दुसरी गोष्ट दारातच कळली. आई चार महिन्यांची गरोदर. गरोदर बाईला आम्ही इंजेक्शन दिलेल्या पेशंटजवळ कॅमेऱ्याच्या खोलीत थांबू देत नाही, तिला धोका फार असतो अशातला भाग नाही पण टाळता येण्यासारखं आहे तर टाळायचं, हा नियम. मी म्हणालो, ‘ताई, तुम्हाला बाहेर थांबावं लागेल, बाबा येतील आत.’ बोललो तेव्हा छकुली ऐकत होती. तिला घरी सांगितलेलं होतं की आई पूर्ण वेळ हात धरून बसणार. पुढचं सांगायला नकोच, तिने आईच्या ओढणीचं टोक मुठीत धरलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही.

तिसरी गोष्ट सुईची. ‘नुसता फोटो काढायचाय, काही दुखणार नाही,’ असं घरी, गाडीत, लिफ्टमध्ये, सगळीकडे सांगून झालेलं. सिस्टरने पट्टा बांधला, छकुलीने सुई बघितली आणि बाबांकडे ज्या नजरेने बघितलं ना, ती नजर मी आजही विसरलो नाहीये. तिला राग आला नव्हता, ती फसवली गेली होती. पहिली सुई डाव्या हाताच्या पाठीवर, शीर सापडली आणि फुटली. दुसरी उजव्या कोपराच्या घडीत, पोरीने हात ओढला, गेली. दोनदा झालं की आमच्याकडे थांबतो. तिसरी सुई टोचायची की नाही हा खरा निर्णय असतो, आणि बाबा म्हणत होते, ‘सर घ्या उरकून, आम्ही धरतो तिला.’

मी नाही म्हणालो. धरून सुई लागेलही, पण पुढे वीस मिनिटं हलायचं नाहीये, ते कोण धरणार? आणि रडत, अंग ताणून, अर्धवट उठून बसलेल्या मुलाला हे इंजेक्शन द्यायचंच नसतं. पाठीवर सपाट झोपवून द्यायचं असतं, कारण बसलं की रक्त खालच्या भागात जास्त उतरतं आणि फोटोत फुफ्फुसाचे शेंडे उगाच फिके दिसतात. शिवाय शीर धड नसेल आणि औषध हातातच पसरलं तर स्कॅन वाया आणि किरणं मात्र मिळून गेली. सुई टोचली गेली होती पण टेक्नेशियमचा एक थेंबही तिच्या अंगात गेला नव्हता, म्हणजे माघार घ्यायला हीच वेळ योग्य होती. तयार केलेली सिरिंज शिशाच्या डब्यात गेली, उद्यासाठी ठेवून उपयोग नसतो, २४ तासांत सोळावा हिस्साच शिल्लक राहतो.

जाताना छकुली हुंदके देत म्हणाली, ‘माझा मास्क कुठेय?’ कुणालाच कळेना. मग आई म्हणाली की त्यांनी कुठल्या तरी व्हिडिओत लंग स्कॅनचा मास्क बघितला होता आणि घरी आठवडाभर खोटा मास्क लावून खोल श्वासाची प्रॅक्टिस घेतली होती. म्हणजे जे होणार नव्हतं त्याची जय्यत तयारी झाली होती, आणि जे होणार होतं त्याबद्दल थाप मारली होती. आईबाबांना दोष नाही देत मी. त्यांना खरी माहिती देणारं कोणी भेटलंच नव्हतं, चिठ्ठीवर फक्त दोन शब्द होते.

मधले आठ दिवस.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः फोन केला. हे काम माझं नाही, पण आमच्या चुकीने पोर रात्रभर उपाशी राहिली होती, ते डोक्यातून जात नव्हतं. आधी माफी मागितली. मग बाबांशी अर्धा तास बोललो, त्यातलं महत्त्वाचं इथे टाकतो.

सुई दुखते हे सांगा. कधी सांगायचं? एवढ्या लहान मुलाला आदल्या दिवशी, फार आधी सांगितलं तर आठवडाभर तेच चघळत बसतं, आणि दारात सांगितलं तर दगा वाटतो. शब्द साधे ठेवा, ‘एक बारीक सुई लागेल, मोठ्याने पाच मोजेपर्यंत दुखेल, मग सुई काढून टाकतात आणि एक मऊ नळी राहते.’ बाबांनी विचारलं, ‘दुखणार नाही असं सांगून चालत नाही का, आम्हाला तर तसंच सांगायचे.’ मी म्हटलं, आणि तुम्ही विश्वास ठेवायचात का? हसले.

सकाळी नेहमीसारखं खायला द्या, पाणी भरपूर. घरून निघताना बधिर करणारं क्रीम दोन जागी लावून वर चिकटपट्टी, असल्या क्रीमला साधारण तासभर लागतो. कुठे लावायचं ते सिस्टरने फोटो पाठवून दाखवलं. क्रीमने टोचणं कमी होतं, पण पट्ट्याचं आवळणं आणि ‘आता काहीतरी होणार’ ही भीती तशीच राहते, म्हणून वरचं खरं बोलणं लागतंच.

कपड्यांना धातूची बटणं, चेन, गळ्यात काही नको. इथे चुंबक वगैरे नाही, फक्त छातीवर धातू असला की किरणं अडतात आणि फोटोत तेवढी जागा काळी राहते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हलायचं नाही ह्याची प्रॅक्टिस. जेवणाच्या टेबलाखाली पाठीवर झोपवा, वरची फळी नाकासमोर येते ना, कॅमेऱ्याची प्लेट तशीच जवळ येते, छातीपासून इंच-दोन इंचावर. मुलं घाबरतात ती त्या जवळ येण्याला. मशीन आवाज फारसा करत नाही, बोगदाही नाही, बाजूंनी उघडं असतं. टेबलाखाली एक गोष्ट ऐकत पाच मिनिटं पडून राहायचं, श्वास नेहमीचा, रोखायचा नाही. हा रोखण्याचा मुद्दा खास सांगतो, कारण ‘हलू नको’ म्हटलं की निम्मी मुलं श्वासच बंद करून लाल होतात.

आणि आई आत येणार नाही हे आईनेच सांगायचं, घरी, शांतपणे, पोटातल्या बाळाचं कारण देऊन. बाबा आत, आई काचेच्या पलीकडे, झालं की पहिली आई भेटेल.

बाबांचा शेवटचा प्रश्न किरणांचा होता, तो सगळ्यांचाच असतो. तर औषध वजनावर मोजून देतात आणि ह्या वयाच्या मुलाला एका परफ्युजन स्कॅनमध्ये एक मिलिसिव्हर्टच्या (किरणांचा डोस मोजायचं एकक) आसपास किंवा त्याहून कमी डोस मिळतो. जमीन, हवा, आकाश ह्यातून आपल्या सगळ्यांना वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट असंच मिळत असतं. म्हणजे काही महिन्यांची नैसर्गिक किरणं एका दिवशी. शून्य नाही, म्हणून कारणाशिवाय करायचा नाही, पण ह्या केसमध्ये कारण भक्कम होतं. आणि कॅमेरा स्वतः किरणं सोडत नाही, तो फक्त टिपतो, त्यामुळे जास्त फोटो काढले किंवा एखादा परत काढला तरी डोस वाढत नाही. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं आणि ते उगाच प्रत्येक फोटोला दचकतात. ॲलर्जीचंही विचारलं, ती क्वचितच होते, अल्ब्युमिन माणसाच्या रक्तातलंच असतं, पण आधी अशा औषधाने त्रास झाला असेल तर सांगायलाच हवं.

दुसरा दिवस.

ह्यावेळी छकुली स्वतः चालत आली. काखेत कापडी ससा, ज्याच्या पायाला घरून चिकटपट्टी लावून आणलेली. आल्या आल्या मला म्हणाली, ‘काका, पाच मोजेपर्यंतच हं.’ सिस्टरने सश्याला आधी सुई लावली (नुसती नळी, सुईशिवाय), मग हिला. छकुलीने पाच मोजलं, रडलीसुद्धा, पण हात हलवला नाही. रडणं आणि हलणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मुलं त्या वेगळ्या ठेवू शकतात, फक्त ‘रडू नको’ म्हणून त्यांची ताकद तिकडे वाया घालवायची नाही.

मग टेबल. पाठीवर सपाट, हात डोक्याच्या वर, खाली उशी. ती शांत होईपर्यंत मी थांबलो, चार-पाच मिनिटं गेली असतील, गोष्ट सुरू झाली, श्वास एका लयीत आला. सिरिंज हातात घेऊन दोन-तीनदा उलटीपालटी केली, कारण हे गोळे तळाला बसतात. एक सवय सांगतो जी बाकीच्या इंजेक्शनपेक्षा उलटी आहे: शीर बरोबर आहे का बघायला इथे रक्त सिरिंजमध्ये ओढून घ्यायचं नसतं. रक्त मिसळलं की गोळ्यांच्या गुठळ्या होतात आणि फोटोत फुफ्फुसावर ठळक ठिपके उमटतात, बघणाऱ्याला वाटतं काहीतरी भयंकर आहे. म्हणून आधी साध्या सलाईनने नळी तपासली, मग औषध सावकाश, आठ-दहा श्वासांत. ह्या औषधाने जळजळ होत नाही. छकुलीने विचारलं, ‘आता मी चमकणार का?’ मी म्हटलं चमकणार, पण फक्त ह्या कॅमेऱ्यालाच दिसणार. तिला ते फार आवडलं.

हाडांच्या स्कॅनला तीन-तीन तास बसावं लागतं तसं इथे नाही, गोळे पहिल्याच फेरीत फुफ्फुसात अडकतात, लगेच फोटो सुरू. आमच्या कॅमेऱ्याला दोन डोकी आहेत, एक वर एक खाली, त्यामुळे पुढून आणि पाठीमागून एकदम फोटो निघतो. पाच-पाच मिनिटांच्या चार जागा, एकूण आठ बाजू. छातीवर एक रुंद पट्टा सैलसर, बांधायला नाही, आठवण राहायला. बाबा डोक्याच्या बाजूला स्टुलावर, गोष्ट सांगत. मोबाईल लावायचा असेल तर तो छातीच्या वर आणायचा नाही, कॅमेरा आणि मूल ह्यांच्या मध्ये काही नको. तिसऱ्या जागेला मध्येच शिंक आली, अंग पूर्ण वळलं, तो फोटो परत घेतला. एवढंच. खोलीत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत पन्नास मिनिटं, त्यातली पंचवीसच कॅमेऱ्याखाली.

शेवटी मी मूत्रपिंडांच्या भागाचा एक फोटो घेतला. ऑपरेशन झालेल्या मुलांत हे बघून ठेवतात. गोळे फुफ्फुसात अडकायला हवेत, मूत्रपिंड किंवा मेंदू लख्ख दिसला तर काही रक्त फुफ्फुसाला टाळून जातंय असा अर्थ. इथे तसं काही नव्हतं.

बाबा स्क्रीनकडे बघत होते. मी त्यांना काही सांगितलं नाही. रिपोर्ट देणं डॉक्टरांचं काम, आणि आईबाप आमचा चेहरा वाचायला बघतात म्हणून आम्ही चेहरा कोरा ठेवायला शिकतो. पण स्क्रीन तर समोरच. ते म्हणाले, ‘सर, उजवीकडचं फिकट दिसतंय, पण दुखणं तर डाव्या बाजूचं होतं ना?’ समोरून काढलेल्या फोटोत पेशंटची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते, समोरासमोर उभं राहिल्यासारखं. तेवढं सांगितलं आणि ते गप्प झाले. एका बाजूला फुफ्फुस घट्ट, भरीव, कडा स्पष्ट. दुसऱ्या बाजूला बोथट पेन्सिलीने हलकंच गिरवल्यासारखं. आकार पूर्ण होता, कुठे तुकडा तुटलेला नव्हता, नुसतं सगळंच पुसट.

हिशोब कसा होतो ते आवडीचा विषय म्हणून जरा सविस्तर सांगतो. दोन्ही फुफ्फुसांभोवती रेषा आखायची आणि आतले ठिपके मोजायचे. पुढच्या फोटोत उजवीकडे १,६०,०००, डावीकडे ४०,०००. म्हणजे डावं २० टक्के. पाठीमागच्या फोटोत उजवीकडे १,४०,०००, डावीकडे ५५,०००, म्हणजे डावं २८ टक्के. मग खरं कुठलं? समोरून बघताना डाव्या फुफ्फुसापुढे हृदय येतं आणि किरणं अडवतं, म्हणून पुढचा आकडा खोटा कमी येतो. म्हणून प्रत्येक फुफ्फुसाच्या पुढच्या-मागच्या आकड्यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढतात. उजवं साधारण १,४९,७००, डावं ४६,९००. डाव्याचा वाटा २४ टक्के. ४५ च्या जागी २४. नुसता पुढचा फोटो बघून २० लिहिलं असतं तर पुढच्या वेळी तुलना करताना सगळाच घोळ झाला असता.

एक शंका डॉक्टरांनी रिपोर्ट लिहिण्याआधी दूर केली. फुफ्फुसाच्या ज्या भागात हवा पोचत नाही तिथल्या रक्तवाहिन्या आपोआप आवळतात, शरीराची काटकसर म्हणा, म्हणजे श्वासनळीत कफ किंवा काही अडकलं असलं तरी रक्त कमी दिसू शकतं आणि दोष रक्तवाहिनीवर जातो. म्हणून छातीचा ताजा एक्स-रे जोडीला लागतो. छकुलीचा आदल्या दिवशीचा होता, डावं फुफ्फुस हवेने नीट भरलेलं. म्हणजे कमतरता वाहिनीचीच.

घरी जाताना सूचना थोड्याच. पाणी जास्त, लघवी वरचेवर, टेक्नेशियम तिकडूनच बाहेर पडतं. शौचानंतर हात नीट धुवायचे, डायपरवालं मूल असेल तर बदलताना दिवसभर हातमोजे घालायचे. खेळ, शाळा सगळं चालू. आईने पहिले काही तास तिला मांडीवर घेऊन बसायचं टाळायचं आणि त्या रात्री छकुली बाबांजवळ झोपेल असं ठरवलं. जवळ घेऊन पापी घ्यायला बंदी नव्हती, आणि आईने दारातच ती घेतली, वचन तसंच दिलं होतं ना. लगेच विमानप्रवास असेल तर विभागाकडून एक चिठ्ठी मागून घ्या, विमानतळावरची किरणं पकडणारी यंत्रं फार संवेदनशील असतात आणि तिथे वाजली तर पोर पुन्हा घाबरायचं.

पुढे.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी गेला. महिन्याभरात मांडीच्या शिरेतून नळी घालून ती चिंचोळी जागा फुग्याने रुंद केली आणि आत जाळी बसवली, पुढे मूल वाढेल तसं जाळीला पुन्हा फुगवून मोठं करता येईल अशी. सहा महिन्यांनी आमच्याकडे परत स्कॅन, तुलनेसाठी, त्याच पद्धतीने, पुढचे-मागचे दोन्ही आकडे धरून. डावं ३८ टक्के आलं. ४५ नाही झालं, आणि होईलच असंही कुणी म्हटलं नव्हतं, पण ती आता पळताना मध्येच खाली बसत नाही असं बाबा म्हणाले.

मधल्या काळात आमच्या फोनवाल्या टेबलावर मी एक कागद चिकटवला. कुठला स्कॅन, भूल आहे की नाही, सोबत येणारं कोणी गरोदर आहे का, हृदयात भोक किंवा फुफ्फुसाच्या रक्तदाबाचा त्रास आहे का, श्वासाचा भाग होणार की फक्त रक्ताचा. पाच प्रश्न, आधी विचारायचे, मग सूचना वाचायच्या. पहिला कागद कुणीतरी चहाच्या कपाखाली ठेवला म्हणून दुसरा प्लॅस्टिकमध्ये घालून लावला.

त्या तिसऱ्या भेटीला आईच्या कडेवर दीड महिन्याचं बाळ होतं. मी म्हटलं, ‘ताई, आता तुम्ही येऊ शकता आत, बाळाला बाहेर कुणाकडे तरी द्या.’ आईने बाळ आजीकडे द्यायला हात पुढे केला तर छकुली टेबलावर चढता चढता म्हणाली, ‘नको, बाबाच पाहिजे. आईला ती गोष्ट येत नाही.’ आई काचेच्या पलीकडे जाऊन उभी राहिली, मी प्लेट खाली आणली, आणि बाबांनी ससा कुठे हरवला होता तिथून गोष्ट सुरू केली.